माहितीपत्रकातली ती ओळ लाइनवर उभ्या असलेल्या बाईलाही सांगा : साताऱ्यातील एका औषध कंपनीच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कंपनीच्या प्रवेशद्वाराजवळ लावलेल्या फलकावर आपला निर्णय वाचला. येत्या तीन वर्षांत कारखान्यातील महिलांचे प्रमाण दुप्पट करण्याचा आणि महिलांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र धोरण आखण्याचा संकल्प संचालक मंडळाने केला आहे आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांनी सूचना कराव्यात, असे आवाहनही त्यात आहे. सूचनापेटीतल्या चिठ्ठीत मावणार नाही एवढे मला सांगायचे आहे, म्हणून हे पत्र. मी २२ वर्षांपूर्वी कंत्राटदारामार्फत पॅकिंगला लागले. कोरेगावहून पहाटेची एसटी पकडून पहिल्या शिफ्टला यायचे. नोकरी सांभाळून बी.एस्सी. पूर्ण केली, पुढे कंपनीच्या पटावर आले आणि आज गुणवत्ता हमी विभागात, म्हणजे आपण सगळे ज्याला क्यूए म्हणतो तिथे, काम करते. या कारखान्याने मला घर उभे करून दिले आहे आणि त्याचे भले व्हावे असे मला मनापासून वाटते.

पत्र खुले लिहिण्याचे कारणही सांगते. पत्रात कंपनीचे नाव घातलेले नाही, कारण साताऱ्यातल्या आणि शेजारच्या सांगलीतल्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा लक्षात येते की, जे आमच्याकडे आहे तेच थोड्याफार फरकाने त्यांच्याकडेही आहे. एकीच्या तक्रारीचे हे पत्र नाही. आपल्या धोरणाचा मसुदा अजून कागदावर आहे, तोवर त्यात काय असावे हे ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्याकडून आपण ऐकावे, एवढाच हेतू आहे.

आपल्या प्रत्येक खोक्यात घडी घातलेले एक माहितीपत्रक जाते. कागद पातळ, अक्षर बारीक. त्यात ‘गर्भावस्था आणि स्तनपान’ या मथळ्याखाली एक परिच्छेद असतोच. तो मजकूर औषध नियंत्रकांनी मान्य केल्याशिवाय आपण छापत नाही आणि त्यात एक शब्द चुकला तर अख्खा लॉट बाद करतो. बाद करण्याच्या कागदावर मी स्वतः सही केलेली आहे. फिनास्टराइडचेच उदाहरण घेते. पुरुषांच्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची आणि केस गळण्यासाठी १ मिलिग्रॅमची ही गोळी. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचे पुढच्या संप्रेरकात होणारे रूपांतर ती थांबवते, आणि पोटातल्या मुलग्याच्या बाह्य जननेंद्रियांची घडण त्याच पुढच्या संप्रेरकावर अवलंबून असते. म्हणून गरोदर असलेल्या किंवा गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने फुटलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळू नये, असे तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. गोळीवरचे आवरण शाबूत असेल तर तसा धोका नसतो, हेही लिहिलेले असते. ज्या घरात ही गोळी जाईल त्या घरातल्या, आपण कधीही न पाहिलेल्या बाईची एवढी काळजी आपण घेतो. ही काळजी योग्यच आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण ते पत्रक घडी करून खोक्यात घालणारे हात ज्या बाईचे असतात, तिला ती ओळ कोणी वाचून दाखवत नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अशाच एका गोळीच्या पट्ट्यांचे सीलिंग नीट बसले नव्हते, म्हणून काही पेट्या डिब्लिस्टरिंगला घेतल्या. म्हणजे पट्ट्या फोडून त्यातल्या चांगल्या गोळ्या परत काढायच्या, फुटलेल्या वेगळ्या करायच्या. टेबलाशी कंत्राटातल्या सहाजणी होत्या. त्यातली एक चोवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेली. मी लाइन क्लिअरन्स दिला. मागच्या बॅचची एकही गोळी, एकही लेबल टेबलावर राहिलेले नाही, तराजू तपासलेला आहे, खोलीचे तापमान आणि आर्द्रता मर्यादेत आहे, हे सगळे पाहिले आणि सही केली. दुपारपर्यंत त्यांच्या हातमोज्यांवर पांढरी भुकटी बसली होती. त्या मुलीच्या मोज्याचे एक बोट फाटले होते आणि ती फाटक्या मोज्यानेच काम करत होती, कारण दुसरा जोड मागितला की सुपरवायझर कटकट करायचा. महिन्याभराने ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “ताई, मला तिसरा लागलाय, तुम्ही कुणाला सांगू नका, नाहीतर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल.”

मी बोटांवर हिशेब केला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी टेबलाशी बसली होती तेव्हा तिला दुसरा महिना चालू होता. तिला दुसऱ्या विभागात पाठवा असे मी वरिष्ठांना सांगितले, पण कारण सांगू शकले नाही. तिला पुढे मुलगी झाली, मुलगी चांगली आहे, शाळेत जाते. काही झाले नाही. पण काही झाले नाही याचे श्रेय मला आपल्या व्यवस्थेला देता येत नाही, कारण त्या दिवशी आमच्या तपासणीच्या यादीतल्या एकाही रकान्यात त्या सहाजणी नव्हत्या. मी गोळ्यांची खात्री केली आणि त्यांच्याकडे पाहिले नाही. ती सही माझीच आहे आणि ती मला विसरता येत नाही.

कायदा इथे आपल्याला पुरेसा आधार देत नाही, हे लक्षात घ्यावे. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये गरोदर बाईला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये असे म्हटले आहे, पण ते तिने मागणी केल्यावर आणि प्रसूतीच्या आधीच्या ठरावीक आठवड्यांपुरते. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला तरी ही चौकट तीच आहे. औषधाचा धोका मात्र पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांत मोठा असतो, आणि तिसरा महिना सरल्याशिवाय कुणाला सांगू नये, अशी आपल्याकडे घरोघरी रीत आहे. सासू, जाऊ, शेजारीण यांनासुद्धा जे सांगायचे नाही, ते बाई सुपरवायझरला सांगेल, अशी अपेक्षा धरून धोरण लिहिले तर ते पहिल्याच दिवशी निकामी होईल. कंत्राटातली बाई तर सांगणारच नाही, कारण तिच्यासाठी सांगणे म्हणजे हजेरी जाणे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे. आपण जी जी औषधे बनवतो किंवा पॅक करतो, त्यांतली कोणती गर्भाला, अंगावरच्या दुधाला किंवा प्रजननक्षमतेला घातक आहेत, त्याची यादी त्या त्या लाइनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लावावी आणि बॅच सुरू होताना वाचून दाखवावी. त्या यादीतल्या औषधाच्या वेळी कोणत्याही बाईने “आज मला दुसरीकडे द्या” असे म्हटले, तर कारण न विचारता तिला दुसरे काम द्यावे आणि त्याची नोंद तिच्या नावापुढे कुठेही करू नये. कारण विचारले की गुपित फुटले. चाळिशीची बाईही मागू शकते आणि अविवाहित मुलगीही मागू शकते, अशी सवय पडली तरच खरी गरज असलेली बाई त्यात लपून सुरक्षित राहील.

याचा सोपा मार्ग म्हणून त्या औषधांच्या लाइनवरून सगळ्या बायकाच काढून टाकू, असे कोणी सुचवील. तसे कृपा करून करू नका. आधीच ग्रॅन्युलेशन आणि कॉम्प्रेशनला, म्हणजे भुकटीचे दाणे करून त्यांच्या गोळ्या दाबण्याच्या कामाला, बायका नाहीतच आणि पगार तिथेच जास्त आहे. शिवाय धोका केवळ बायकांना नाही. गर्भनिरोधक गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात भुकटी श्वासावाटे आणि कातडीवाटे अंगात जाऊन पुरुष कामगारांची छाती वाढल्याची आणि स्त्रियांना पाळीच्या मधेच रक्तस्राव झाल्याची नोंद १९७० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारलेल्या शेड्यूल एममध्ये, म्हणजे औषध उत्पादनाच्या सरकारी नियमावलीत, संप्रेरके आणि पेशीनाशक औषधे यांच्यासाठी वेगळ्या व्यवस्थेचा आग्रह आहे. तो मुख्यतः एका औषधाची भुकटी दुसऱ्यात मिसळू नये म्हणून आहे. पण भुकटी जिथे उडणारच नाही अशी धूळ ओढून घेणारी यंत्रणा, चांगले मोजे, मास्क आणि डिब्लिस्टरिंगसाठी बंदिस्त यंत्र, एवढे केले तर औषधही सांभाळले जाईल आणि माणूसही, मग तो बाप्या असो की बाई.

दुसरी गोष्ट वार्षिक तपासणीची. दर वर्षी आमचे रक्त तपासले जाते, डोळे तपासले जातात, कातडीचा रोग नाही ना हे पाहिले जाते. नियम तसाच आहे आणि तो असावाच, कारण आमच्यामुळे औषध दूषित होता कामा नये. पण ही तपासणी औषधाला माझ्यापासून धोका आहे का, हे पाहण्यासाठी होते. माझ्या अंगात काय कमी आहे, हे मला सांगण्यासाठी ती होत नाही. सहा वर्षांपूर्वी एका परदेशी ऑडिटच्या आधी वैद्यकीय तपासणीच्या फायली लावण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी माझीच फाइल पहिल्यांदा उघडली. सलग तीन वर्षे माझे हिमोग्लोबिन नऊच्या खाली होते. बारापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. तिन्ही कागदांवर ‘कामास योग्य’ असा शिक्का होता. त्या तीन वर्षांत मला जिना चढताना धाप लागायची, पाळीत सात-आठ दिवस अंगावरून जायचे आणि मी ते वयाचे समजून सोडून देत होते. पुढे सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशयात गाठी निघाल्या. वेळेवर औषध मिळाले, पिशवी काढावी लागली नाही.

त्याच काळात आपल्या लाइनवर लोह आणि फोलिक आम्लाच्या लाल गोळ्यांची सरकारी मागणी चालू होती. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, गरोदर बायकांसाठी. लाखो गोळ्या आमच्या हाताखालून गेल्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आपल्या पॅकिंग हॉलमधल्या बायका त्याच महाराष्ट्रातल्या आहेत, त्यांचे रक्त काही वेगळे नाही. तेव्हा तपासणीचा अहवाल सात दिवसांत बंद पाकिटातून ज्याचा त्याच्या हातात द्यावा, त्यावर समजेल अशा मराठीत दोन ओळी लिहाव्यात, हिमोग्लोबिन कमी असेल तर कंपनीच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू कराव्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. यात खर्च किती येईल, हे गोळी बनवणाऱ्या कंपनीला मी वेगळे सांगायला नको. अहवाल सुपरवायझरच्या किंवा ठेकेदाराच्या टेबलावर मात्र जाता कामा नये.

आता जे बोलायला आम्हा बायकांनाही संकोच वाटतो, ते लिहिते. आत जाण्यासाठी आम्ही बाहेरचे कपडे काढतो, कारखान्याचे कपडे घालतो, आडव्या बाकावरून पाय पलीकडे टाकतो, वरून ओव्हरऑल, टोपी, बूट, मास्क, मोजे चढवतो, हात धुऊन जंतुनाशक लावतो आणि मग दार उघडतो. लघवीला जायचे तर हे सगळे उलट क्रमाने उतरवायचे आणि परत आल्यावर पुन्हा चढवायचे. घाई केली तरी पाव तास जातो. ब्लिस्टर लाइनवरून एकजण उठली की पट्टा थांबतो किंवा शेजारणीवर दुप्पट भार पडतो. म्हणून आमच्यातल्या बहुतेकजणी शिफ्ट सुरू होण्याआधी दोन तास पाणीच पीत नाहीत. मीही बारा वर्षे तेच केले. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, ताप, मग प्रतिजैविकाचा एक कोर्स आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच, हे चक्र हॉलमधल्या निम्म्याहून अधिक बायकांना पाठ आहे. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. पांढरा ओव्हरऑल, आठ तास, मधे जेवणाची एक सुट्टी, आणि डाग पडला तर तो बदलायला सांगायचा कुणाला, तर स्टोअरमधल्या पुरुषाला. एकदा एका मुलीने डाग लपवण्यासाठी शिफ्टभर भिंतीला टेकून काम केले आणि तिला कामचुकार म्हणून लेखी समज मिळाली. ती समज मीच टाइप केली होती, खरे कारण मला नंतर कळले.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक लाइनला शिफ्टभर एक रिलीव्हर बाई द्यावी, जिचे काम एकेकीला सोडवणे एवढेच असेल आणि जी उत्पादनाच्या हिशेबात धरली जाणार नाही. महिलांच्या चेंजरूमला लागूनच स्वच्छतागृह, पाणी आणि झाकणाची कचरापेटी असावी, तिथेच जास्तीचे ओव्हरऑल आणि पॅड ठेवावेत आणि ते कुणालाही न विचारता घेता यावेत. कपडे देणाऱ्या खिडकीवर प्रत्येक शिफ्टला बाई असावी. शेजारच्या कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा मंजूर केली, आणि आपणही अशी रजा द्यावी, असे काही तरुण मुली म्हणतात. मला ती मागणी रास्त वाटते. मात्र उरलेले तीन-चार दिवस बाईला कामावर यायचेच असते, त्यामुळे माझ्या मते चेंजरूम आणि रिलीव्हर आधी हवेत. रजा आली तर ती कंत्राटातल्या बाईलाही मिळाली पाहिजे, नाहीतर तिच्या वाट्याला बिनपगारी खाडाच येईल.

बसण्याबद्दल थोडक्यात लिहिते. उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला, कामात सवड मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय हवी, असे कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४४ व्या कलमात होते आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ती तरतूद कायम आहे. आपल्याकडे स्टीलची स्टुले आहेत. पण ऑडिट आले की ‘बरे दिसत नाही’ म्हणून ती उचलली जातात आणि मग महिना-महिना परत येत नाहीत.

आता प्रमाण दुप्पट करण्याविषयी. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार दर वर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि बिगरकायम कामगारांत स्त्रिया किती, हे वेगवेगळे सांगावे लागते आणि बाळंतपणाच्या रजेनंतर किती कर्मचारी परत आले व पुढे टिकले, हेही विचारलेले असते. आपण त्या हजारांत असा वा नसा, पण मोजण्याची ही पद्धत मला योग्य वाटते आणि आपल्या फलकावरचा आकडाही तसाच सोडवून मांडावा, अशी माझी विनंती आहे. पॅकिंगला कंत्राटावर आणखी शंभर मुली घेतल्या तर प्रमाण दुप्पट होईलच. पण उत्पादनात, देखभालीत, गोदामात, गुणवत्ता नियंत्रणाच्या उपकरणांवर आणि शिफ्ट प्रमुखांच्या खुर्चीवर बायका किती, हे विचारले तर आजचे उत्तर एका हाताच्या बोटांवर मावते. साताऱ्यात आणि सांगलीत फार्मसीची महाविद्यालये आहेत, वर्गात मुली भरपूर असतात. आपल्याकडे मुलाखतीला त्या येतातही आणि तिथे त्यांना लग्न कधी करणार, हे विचारले जाते. हा प्रश्न उद्यापासून बंद करण्याला ना पैसा लागतो, ना मंडळाचा ठराव.

ज्या आत येतात त्या कुठे गळतात, हे मला जवळून माहीत आहे. माझ्याबरोबर क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत, लागलेल्या चार केमिस्ट मुलींपैकी आज एकही इथे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली आणि ती कंपनीने कधी नाकारलेली नाही, हे मी आदराने नमूद करते. अडचण रजेनंतर सुरू होते. सहा महिन्यांनी परत आलेल्या मुलीला एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, न बसवता कागदपत्रांच्या टेबलावर बसवले जाते, ‘लहान बाळ आहे, तिला कशाला त्रास’ असे म्हणून. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण वर्षभराने पगारवाढीचा कागद भरताना तिच्या नावापुढे उपकरणाचा अनुभव शून्य असतो आणि रजेच्या वर्षात काम कमी म्हणून श्रेणीही खालची. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे, असा कायदा आहे. आपले पाळणाघर मुख्य दाराजवळच्या एका खोलीत आहे. तिथे रंगवलेल्या भिंती आहेत, पण कायमची सेविका नाही, म्हणून कोणी मूल ठेवत नाही, आणि कोणी ठेवत नाही म्हणून सेविका नेमली जात नाही. आधी सेविका नेमा. रजेवरून आलेली बाई जिथून गेली त्याच कामावर परत बसेल आणि रजेचे महिने मूल्यमापनातून वगळले जातील, हे धोरणात लिहून ठेवा.

आमच्यासारख्या जुन्या बायकांबद्दल धोरणात एक शब्द तरी असावा. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित होते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, सांधे धरतात. त्या वाफा ओव्हरऑलच्या आत कशा असतात, हे अनुभवल्याशिवाय कळायचे नाही. अशा वयाच्या बाईला काही महिने सलग उभ्या कामातून सूट आणि थंड हवेत टेकायला दहा मिनिटे मिळाली तर ती नोकरी सोडणार नाही. आमच्या गावाकडे अंगावरून जायला लागले की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार लवकर दिला जातो. कंपनीच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा स्त्रीरोगतज्ज्ञ बसल्या, तर तो निर्णय घाईने होणार नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी साधी आहे, तरी त्याच पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ती कधी झालेली नव्हती. तिशीपुढच्या प्रत्येकीची ती तपासणी कामाच्या वेळेत आणि पगारी व्हावी. सुट्टीच्या दिवशी शिबिर ठेवले तर कोणी येणार नाही, कारण सुट्टीच्या दिवशी धुणे, दळण आणि शेत असते.

रात्रपाळीचा विषय त्याच व्यावसायिक सुरक्षा संहितेमुळे पुढे आला आहे. बाईची संमती असेल तर तिला रात्री काम करता येईल. ज्यांना करायचे आहे त्यांनी जरूर करावे, त्यात भत्ता आहे. मात्र कंपनीची गाडी साताऱ्यातल्या बॉम्बे रेस्टॉरंट चौकात सोडून चालणार नाही, ती गावात, दारापर्यंत गेली पाहिजे. आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, जी २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तिच्या सदस्यांची नावे इंग्रजी सूचनाफलकावरून उतरवून मराठीत चेंजरूमच्या आत लावावीत. कंत्राटातल्या बायकाही तिच्याकडे जाऊ शकतात, हे त्यांतल्या कित्येकींना मी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

यातल्या काही गोष्टींना वेळ लागेल, यंत्रे आणि बांधकाम लगेच होत नाही, हे मी समजून आहे. भिंतीवरची यादी मात्र एका दिवसाचे काम आहे. माहितीपत्रके आपल्याकडे आहेत, त्यातला मजकूर नियंत्रकांनी मान्य केलेला आहे. मराठी मसुदा मी या पत्रासोबत मनुष्यबळ विभागाकडे स्वतंत्रपणे दिला आहे, त्यात दुरुस्ती हवी असल्यास मी सुट्टीच्या दिवशीही येऊन बसेन. आठ वर्षांपूर्वीच्या त्याच गोळीची पुढची बॅच उत्पादनाच्या वेळापत्रकात येत्या २० तारखेला, दुसऱ्या शिफ्टला, लाइन क्रमांक तीनवर धरलेली आहे आणि त्या दिवशी लाइन क्लिअरन्स माझ्याकडे आहे. त्याआधी यादी लागावी आणि त्या शिफ्टच्या बायकांना ती वाचून दाखवण्याची परवानगी मला मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
गुणवत्ता हमी विभागातील एक कर्मचारी
सातारा